फांद्यांचा हिशेब, रेणूंच्या गाठी आणि एक फुटबॉल

गेल्या अंकात रेणूंच्या आकृत्यांमागच्या गणितावर दोन पानं लिहिली आणि शेवटी 'शंका असतील तर कळवा' असं म्हटलं. शंका भरपूर आल्या. सगळ्या घेणं शक्य नाही. ज्यांची उत्तरं कागद-पेन्सिल घेऊन पडताळता येतील, ती पत्रं आधी घेतली आहेत.

मॅडम, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. 'फांद्या वाढल्या की उत्कलनबिंदू उतरतो' एवढं लिहिलं की पेपरात मार्क पडतात. पण फांद्या किती वाढल्या हे मोजायचं कसं? त्याला काही आकडा आहे का?
(विद्यार्थिनी, बारामती)

आहे, आणि तो १९४७ पासून आहे. ब्रुकलिन कॉलेजातल्या हॅरी वीनरने तो काढला. तुझ्या पुस्तकात नाही याचं मला नवल वाटत नाही, वाईट मात्र वाटतं.

पेंटेन घे. पाच कार्बन, तीन आयसोमर, म्हणजे त्याच अणूंच्या तीन वेगळ्या जोडण्या. हायड्रोजन पुसून टाक, फक्त कार्बनचे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा ठेव. आता प्रत्येक दोन कार्बनमध्ये किती रेघा ओलांडाव्या लागतात ते मोज आणि सगळ्या जोड्यांची बेरीज कर. हाच वीनरचा अंक.

जोड्या मोजताना गोंधळ होत असेल तर वीनरनेच सोपी वाट दिली आहे. एक बंध कापायचा. दोन्हीकडे किती कार्बन राहिले ते मोजायचे आणि गुणाकार करायचा. असं प्रत्येक बंधाचं करून बेरीज घ्यायची. सरळ पेंटेनमध्ये ४ + ६ + ६ + ४, म्हणजे २०. निओपेंटेनमध्ये मध्ये एक कार्बन आणि भोवती चार, त्यामुळे कुठलाही बंध कापला तरी १ आणि ४. चार वेळा ४ म्हणजे १६. आयसोपेंटेनचे १८ येतात, ते तू काढून बघ.

उत्कलनबिंदू असे आहेत: सरळ पेंटेन ३६.१ अंश सेल्सिअस, आयसोपेंटेन २७.८, निओपेंटेन ९.५. अंक उतरतो तसं तापमान उतरतं. कारण तुला माहीत आहे. रेणू आटोपशीर झाला की शेजारच्या रेणूला टेकायला पृष्ठभाग कमी उरतो आणि त्यांना एकमेकांपासून सोडवायला उष्णता कमी लागते.

इथवर ठीक. पण हेक्झेन घेतलंस की घोटाळा होतो. २-मिथाइलपेंटेनचा अंक ३२ आणि ३-मिथाइलपेंटेनचा ३१. म्हणजे दुसरं आधी उकळायला हवं. प्रत्यक्षात पहिलं ६०.३ अंशांना उकळतं आणि दुसरं ६३.३ अंशांना! फांदी एकच, तीही एकाच कार्बनची, फक्त एक घर सरकली आहे. तुझ्या पेपरातल्या त्या वाक्यात याला उत्तर नाही.

वीनरकडे होतं. त्याने दुसरी मोजणी जोडली: बरोबर तीन बंध दूर असलेल्या कार्बनच्या जोड्या किती? सरळ हेक्झेनमध्ये तीन, २-मिथाइलपेंटेनमध्येही तीन, ३-मिथाइलपेंटेनमध्ये चार. मग त्याचं सूत्र असं. सरळ साखळीपेक्षा अंक जितका कमी, त्याला ९८ ने गुणायचं आणि कार्बनसंख्येच्या वर्गाने भागायचं. तीन-बंधी जोड्या सरळ साखळीपेक्षा जितक्या कमी, तितके ५.५ त्यात मिळवायचे. जास्त असतील तर वजा करायचे. जे येईल तेवढे अंश सरळ साखळीच्या उत्कलनबिंदूतून काढून टाकायचे.

३-मिथाइलपेंटेनसाठी करू. सरळ हेक्झेनचा अंक ३५, म्हणजे फरक ४. चार गुणिले ९८ भागिले ३६ म्हणजे १०.९. जोडी एक जास्त, म्हणून ५.५ वजा. उरले ५.४. सरळ हेक्झेन ६८.७ ला उकळतं, त्यातून ५.४ गेले की ६३.३. मोजलेलं तापमानही ६३.३! २-मिथाइलपेंटेनचं ६०.५ येतं, खरं ६०.३. निओपेंटेनचं ९.४ येतं, खरं ९.५.

कोन नाहीत, बंधांच्या लांब्या नाहीत, इलेक्ट्रॉन नाहीत, फक्त कोण कोणाला जोडलंय एवढंच. वर्गात हे गणित फळ्यावर करताना शेवटची वजाबाकी मी नेहमी मुलांकडून करून घेत असे. उत्तर जुळलं की मागच्या बाकावरचीही वर बघतात.

आमच्या बारावीच्या वर्गासाठी यातला एखादा उपक्रम सुचवाल का? तास पस्तीस मिनिटांचा असतो.
(शिक्षिका, चिपळूण)

हेप्टेन द्या. सात कार्बनचे नऊ आयसोमर आहेत. मुलांच्या नऊ जोड्या करा, एकेकीला एकेक आयसोमर वाटा. सातच घ्यायचं कारण असं की ९८ भागिले ४९ बरोबर २ येतात आणि आकडेमोड तोंडी होते. सरळ हेप्टेनचा अंक ५६, तीन-बंधी जोड्या ४, उत्कलनबिंदू ९८.४. सगळ्यात गच्च रेणू २,२,३-ट्रायमिथाइलब्युटेन. त्याचा अंक ४२, जोड्या ६, म्हणून २८ वजा ११ म्हणजे १७, आणि उत्तर ८१.४. पुस्तकातलं मूल्य ८०.९. बाकीचे सात मुलांवर सोडा. नऊ रचना मुलांनाच शोधायला लावल्या तर मात्र तास पुरणार नाही. कुणीतरी एकच रचना उलटी काढून दहावी म्हणून दाखवतंच.

मी गणिताचा निवृत्त शिक्षक. कार्बनची संख्या दिली तर आयसोमर किती, याचं सूत्र आहे का?
(वाचक, वाई)

सर, एका ओळीत बसेल असं सूत्र नाही, पण मोजण्याची पद्धत आहे, आणि ती तुमच्याच लोकांनी दिली आहे. पाच कार्बनला ३, सहाला ५, सातला ९, आठला १८, नऊला ३५, दहाला ७५. पुढे हा आकडा हाताबाहेर जातो. वीस कार्बनला ३ लाख ६६ हजार ३१९. यात आरशातली प्रतिबिंबं वेगळी धरलेली नाहीत, ती धरली तर आणखी वाढतात.

आर्थर केलीने १८७५ मध्ये तेरा कार्बनपर्यंतचा तक्ता छापला. हा माणूस प्राध्यापक होण्याआधी लंडनमध्ये वकिली करत होता आणि वकिली करता करताच गणितावर ढिगाने लेख लिहीत होता. त्याच्या तक्त्यात अकरापर्यंत सगळं ठीक आहे. बाराला त्याने ३५७ लिहिले, खरे ३५५. तेराला ७९९ लिहिले, खरे ८०२. म्हणजे एकदा जास्त, एकदा कमी. हे हाताने करून पाहिलेल्या कुणालाही यात हसण्यासारखं काही दिसणार नाही. १९३१ मध्ये हेन्झे आणि ब्लेअर या दोन रसायनशास्त्रज्ञांनी पायरीपायरीने मोजायची रीत बसवली. १९३७ मध्ये ज्यॉर्ज पोल्याने सममिती लक्षात घेऊन मोजायचं सर्वसाधारण प्रमेय दिलं. तुम्ही पोल्याच वाचा. चार रंगांचे मणी घेऊन वेगवेगळ्या माळा किती होतात, असले प्रश्न तुम्ही मुलांना घातले असतील. हे प्रमेय तिथेही तसंच चालतं.

एक मात्र ध्यानात ठेवा. या मोजणीत आलेला प्रत्येक रेणू बनवता येतोच असं नाही. मध्ये एक कार्बन घ्या आणि त्याच्या चारही हातांना एकेक टर्शरी-ब्युटाइल गट (एक कार्बन आणि त्याला लागलेले आणखी तीन) लावा. सतरा कार्बन झाले, आकृती निर्दोष, मोजणीत हजर. पण भोवतीच्या छत्तीस हायड्रोजनांना उभं राहायला जागाच नाही. तो आजवर कुणाला बनवता आलेला नाही.

पीएच.डी.साठी मला नॅनोट्यूबचे आणि वेगवेगळ्या जाळ्यांचे पंधरा टोपोलॉजिकल निर्देशांक काढायला सांगितले आहेत. विषय चांगला आहे ना?
(संशोधक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

स्पष्ट सांगते, राग मानू नका. टोपोलॉजिकल निर्देशांक म्हणजे वीनरच्या अंकासारखे, कोण कोणाला जोडलंय एवढ्यावरूनच काढलेले आकडे. ते काढून थांबणार असाल तर नाही.

वीनरला उत्कलनबिंदू सांगायचे होते, म्हणून त्याने अंक काढला. हारुओ होसोयाने १९७१ मध्ये एकमेकांना न टेकणारे बंध किती प्रकारे निवडता येतात हे मोजलं, आणि ते आकडे लगेच अल्केनच्या (पेंटेन, हेक्झेन यांच्या कुटुंबाच्या) उत्कलनबिंदूंशी ताडून पाहिले. मिलान रांदिचचा १९७५ चा निर्देशांकही फांद्यांचं मोजमाप म्हणूनच जन्माला आला. तिघांच्याही टेबलावर आधी प्रयोगातली मूल्यं होती. आता काय चालतं? जाळं घ्यायचं, शिरोबिंदू किती आणि कडा किती हे मोजायचं, सूत्रात घालायचं, निबंध पाठवायचा. पुढच्या महिन्यात जाळं बदलायचं. असे शोधनिबंध माझ्याकडे परीक्षणाला येत असत. 'औषधनिर्मितीत उपयुक्त' हे वाक्य प्रस्तावनेत ठरलेलं, आणि आत एकही मोजलेला गुणधर्म नाही.

एक छोटी परीक्षा घ्या. इथेनॉल आणि डायमिथाइल इथर. दोघांचं सूत्र एकच. हायड्रोजन पुसले की दोन्हीकडे तीन ठिपके एका रांगेत, वीनरचा अंक दोघांचाही ४. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं आणि इथर उणे २४ ला. शंभराहून जास्त अंशांचा फरक आणि अंकाला त्याचा पत्ता नाही, कारण आपण पुसलेल्या हायड्रोजनांतच सगळी मेख होती. ऑक्सिजनवरचा एक हायड्रोजन शेजाऱ्याला धरून ठेवतो. अल्केनमध्ये हायड्रोजन पुसणं परवडलं, इथे परवडत नाही. तुमच्या नॅनोट्यूबमध्ये काय पुसलंय आणि ते परवडतंय का, याचं उत्तर देणारं एक प्रकरण प्रबंधात घाला. मार्गदर्शकांना हे पान दाखवायला हरकत नाही.

फुटबॉलवर काळे पंचकोन बाराच का असतात? बाबा म्हणाले तसाच रेणूपण असतो. खरंच?
(इयत्ता नववी, सातारा)

बाबा बरोबर आहेत. तुला पडलेला प्रश्न मोठमोठ्यांना पडला होता. तू म्हणतोस तो १९७० च्या वर्ल्ड कपचा चेंडू: १२ काळे पंचकोन, २० पांढरे षटकोन. हल्लीच्या चेंडूंचे तुकडे वेगळे असतात.

ऑयलरचा नियम आहे: बंद ठोकळ्याचे कोपरे, वजा कडा, अधिक पृष्ठं, बरोबर २. ठोकळा म्हणजे घन असेल तर ८ − १२ + ६. चेंडूवर प्रत्येक कोपऱ्यात तीन कडा भेटतात आणि प्रत्येक कडेला दोन टोकं असतात, म्हणून कोपरे = कडांचे दोन-तृतीयांश. हे नियमात घाल, पृष्ठं = २ + कडांचा एक-तृतीयांश असं येईल. सहाने गुण: ६ × पृष्ठं = १२ + २ × कडा. आता प्रत्येक कडा दोन पृष्ठांची सामायिक, म्हणून २ × कडा = ५ × पंचकोन + ६ × षटकोन. डावीकडे ६ × पंचकोन + ६ × षटकोन. दोन्हीकडचे षटकोन उडाले. पंचकोन = १२.

षटकोन उडाले, म्हणजे ते कितीही असोत, पंचकोन बाराच. १९८५ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना ६० कार्बनचा असा रेणू सापडला. त्यासाठी १९९६ चं नोबेल मिळालं. ७० कार्बनच्या रेणूत षटकोन २५ असतात आणि पंचकोन पुन्हा १२. साठ कार्बन असे १८१२ तऱ्हांनी मिटवता येतात, पण दोन पंचकोन कुठेच एकमेकांना चिकटणार नाहीत अशी तऱ्हा एकच, तुझ्या फुटबॉलची. चिकटलेले पंचकोन पिंजऱ्याला ताण देतात, म्हणून हा टिकतो. आणि गंमत म्हणजे १२ पंचकोन आणि १ षटकोन असा चेंडू होतच नाही. ऑयलरचा नियम त्याला अडवत नाही, तरीही होत नाही. कागद कापून करून बघ, कुठे अडतं ते कळेल.

२०१६ चं नोबेल साखळीसारख्या रेणूंना मिळालं असं वाचलं. रेणूंना गाठी मारून उपयोग काय? मी औषधांच्या दुकानात असतो, म्हणून विचारतो.
(फार्मासिस्ट, मडगाव)

तुमच्या काउंटरवर याचं उत्तर रोज विकलं जातं, सांगते.

आधी साखळी. दोन कड्या एकमेकींत अडकल्या आहेत, त्यांच्यात एकही रासायनिक बंध नाही, तरी एखादी कडी तोडल्याशिवाय त्या सुटत नाहीत. असा रेणू १९६० मध्ये एडेल वासरमनने पहिल्यांदा बनवला. लांब साखळीची दोन टोकं जुळून कडी होताना ती योगायोगाने आधीच्या कडीतून गेलेली असेल, या भरवशावर. पदार्थ अर्थातच चिमूटभर मिळाला. १९८३ मध्ये स्ट्रासबुर्गला ज्याँ-पिएर सोव्हाजने तांब्याचा आयन मध्ये ठेवला. दोन तुकडे त्याला काटकोनात धरून बसले, मग कड्या मिटवल्या, तांबं काढून घेतलं. योगायोगाचं काम धातूने केलं. १९८९ मध्ये त्याच पद्धतीने डिट्रिश-बुखेकर आणि सोव्हाज यांनी रेणूची तीन वेढ्यांची गाठही बांधली. ती गाठ आणि तिचं आरशातलं प्रतिबिंब एकमेकांत बदलता येत नाहीत, हे माक्स डेनने १९१४ मध्येच सिद्ध केलं होतं. पंचाहत्तर वर्षं रेणूची वाट बघत बसलेलं प्रमेय!

आता तुमचं काउंटर. जिवाणूचा डीएनए बहुधा बंद कडी असते, तिचे दोन धागे एकमेकांभोवती गुंडाळलेले. एक धागा दुसऱ्याभोवती किती वेळा गेला, हा पूर्णांक धागा तोडल्याशिवाय बदलत नाही. टोपोलॉजी ती हीच. दोन धाग्यांना शिडीच्या पायऱ्यांसारख्या जोडणाऱ्या बेसच्या जोड्या असतात. साडेदहा जोड्यांना एक वेढा धरला तर ४२०० जोड्यांच्या कडीत ४०० वेढे व्हायला हवेत. पेशीत मात्र सुमारे सहा टक्के कमी असतात, म्हणजे ३७६ च्या आसपास. कमी पडलेले वेढे कुठेतरी जायला हवेत, म्हणून पिळलेली सुतळी ढिली सोडली की स्वतःभोवती वळते तशी अख्खी कडी वळते. पेशीला डीएनए वाचायला उघडावा लागतो, आणि कमी पिळाचा डीएनए उघडायला सोपा.

ते वेढे कमी कोण ठेवतं? डीएनए गायरेज नावाचं एन्झाइम, १९७६ मध्ये सापडलेलं. ते दोन्ही धागे कापतं, कडीचाच दुसरा भाग त्या फटीतून पलीकडे काढतं आणि काप पुन्हा जोडतं. प्रत्येक वेळी हा पूर्णांक दोनने बदलतो. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक नेमकं कापल्यानंतर आणि जोडण्याआधी त्याला पकडतं. काप उघडा राहतो आणि जिवाणू मरतो. माणसातल्या अशाच एन्झाइमवर इटोपोसाइड चालतं, ते कॅन्सरवर देतात. तेव्हा सिप्रो मागायला येणाऱ्याला पूर्ण कोर्स घ्यायला सांगा, आणि चिठ्ठीशिवाय देऊ नका. हे टोपोलॉजीत येत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी इंजिनिअर. रेणूची गुंतागुंत मोजून परग्रहावर जीवसृष्टी आहे का ते ओळखता येतं, असं वाचनात आलं. यात कितपत दम आहे?
(वाचक, पुणे)

थोडा आहे. गाजावाजा त्याहून मोठा आहे.

गुंतागुंत मोजायचे प्रयत्न जुने आहेत. स्टीव्हन बर्ट्झने १९८१ मध्ये एक सर्वसाधारण निर्देशांक दिला होता, आणि औषधाचा रेणू प्रयोगशाळेत बांधताना कुठल्या पायरीला गुंतागुंत उडी मारते हे बघायला तो उपयोगी पडला. तुम्ही वाचलंय ते ग्लासगोच्या ली क्रोनिन आणि अमेरिकेतल्या सारा वॉकर यांच्या असेंब्ली थिअरीबद्दल असणार. कल्पना साधी आहे. रेणू त्याच्या बंधांपासून जोडत न्यायचा, एकदा बनवलेला तुकडा पुन्हा फुकट वापरायचा, आणि कमीत कमी किती जोडण्या लागतात ते मोजायचं. आठ बंधांची सरळ साखळी घ्या. एकाला एक जोडून दोन, दोनाला दोन जोडून चार, चाराला चार जोडून आठ. तीन जोडण्यांत काम झालं. सोळा बंधांची साखळी चार जोडण्यांत होते. म्हणजे नुसती लांबी ही गुंतागुंत नाही, हे या मोजमापाला कळतं. वीनरच्या अंकाला ते कळत नाही, साखळी लांबली की तो भराभर फुगतो.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे हा आकडा रेणूची रचना माहीत नसतानाही यंत्रावर अजमावता येतो. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये (रेणूचे तुकडे वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रात) रेणू फोडला की किती वेगवेगळे तुकडे दिसतात त्यावरून अंदाज बांधायचा. २०२१ च्या त्यांच्या निबंधात मर्चिसन उल्केचा अर्कही तपासला होता. निर्जीव नमुन्यांपैकी कुणीही १५ च्या वर गेलं नाही, म्हणून १५ ही सीमारेषा.

इथे मी थबकते. १५ हा आकडा कुठल्या नियमातून निघालेला नाही, तपासलेल्या नमुन्यांतून निघाला आहे. नमुने बदलले की? २०२४ मध्ये रॉबर्ट हेझन आणि सहकाऱ्यांनी काही खनिजांतले मोठे ऋण आयन घेतले. धातू आणि ऑक्सिजन यांचे हे पिंजरे जीवसृष्टीशिवाय तयार होऊ शकतात, आणि त्यांचे असेंब्ली आकडे मोठ्या जैविक रेणूंच्या पंक्तीला बसले. दुसरीकडे हेक्टर झेनिल आणि इतरांचा आक्षेप असा की फाइल दाबून लहान करण्याच्या जुन्या गणिती रीतीही हीच वर्गवारी तितक्याच चांगल्या करतात, तर नवीन काय? इंजिनिअर म्हणून हा दुसरा आक्षेप तुम्हाला जास्त पटेल. मला पहिला जास्त टोचतो.

मंगळावर यंत्र पाठवणार असाल तर हे मोजमाप सोबत जरूर न्या. कार्बनच्या रेणूंपुरतं ठेवलं तर त्यातून कळण्यासारखं बरंच आहे. पण आकडा १५ च्या वर आला तर पत्रकार परिषद घेण्याआधी नमुना कुठल्या दगडातून खरवडला आणि त्यात कुठली खनिजं आहेत, तेवढं बघा.